नकाशावरील मोकळ्या जागा

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत, भोकरदन तालुक्याच्या उत्तर भागात असलेल्या धावडा गावातील एखाद्या विद्यार्थ्याने मनात आणले, तर आपल्या गावाभोवतीच्या पन्नास किलोमीटरच्या परिसरात आजवर कोणते पशू, पक्षी, कीटक आणि वनस्पती कोणाला, केव्हा आढळल्याची नोंद जगाच्या दफ्तरी आहे, हे त्याला एका दुपारी, एक पैसाही न मोजता पाहता येईल. ही अतिशयोक्ती नव्हे. 'ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी' ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था २००१ साली अस्तित्वात आली. तिचे सचिवालय कोपनहेगन येथे आहे आणि तिच्या भांडारात आज तीनशे कोटींहून अधिक नोंदी जमा आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील शतकापूर्वीचे नमुने, विद्यापीठांच्या संग्रहांतील वाळवून चिकटवलेल्या फांद्या, अमेरिकेतील कॉर्नेलच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेच्या पुढाकाराने २००२ मध्ये सुरू झालेल्या 'ई-बर्ड'वर हौशी निरीक्षकांनी भरलेल्या याद्या, 'आयनॅचरलिस्ट'वर सामान्य नागरिकांनी चढवलेली छायाचित्रे, असे हे नानाविध धन एकाच छताखाली आले आहे.

एवढ्या भिन्न गोष्टी एका जागी नांदू शकतात त्याचे कारण म्हणजे त्यांचा ठरलेला नमुना. त्याला 'डार्विन कोअर' असे नाव आहे. शास्त्रीय नाव, दिनांक, अक्षांश, रेखांश, नोंदीचा आधार काय (संग्रहालयातील नमुना की डोळ्यांनी केलेले निरीक्षण), स्थान सांगण्यात किती मीटरची चूक संभवते, असे त्याचे रकाने निश्चित आहेत. सातबाऱ्याचा नमुना राज्यभर एकच असल्यामुळे कोकणातला उतारा जालन्याच्या कारकुनालाही वाचता येतो. त्यातलाच हा प्रकार. परिसर नकाशावर आखून मागणी नोंदवली की काही वेळाने नोंदींचा गठ्ठा तयार झाल्याचे कळवले जाते आणि त्या गठ्ठ्याला एक कायमचा क्रमांक मिळतो. सरकारी पत्राचा जावक क्रमांक सांगितला की ते पत्र कोणालाही काढून दाखवता येते, तसे या क्रमांकाच्या आधारे उद्या दुसरा कोणीही नेमक्या त्याच नोंदी मागवून पहिल्याचे काम तपासू शकतो. पुढचे काम 'आर' किंवा 'पायथन' या संगणकभाषांत लिहिलेल्या आज्ञावलीने करावयाचे. या भाषा विनामूल्य आहेत. 'आरजीबीआयएफ'सारखे तयार आज्ञासंचही विनामूल्य आहेत. नोंदी मागवणे, वाचणे आणि नकाशावर मांडणे हे पंधरा-वीस ओळींचे काम.

येथवर सारे सोपे आहे. अडचण सुरू होते ती निरनिराळ्या संग्रहांतील नोंदी एकमेकींना जोडण्याच्या वेळी. दोन कार्यालयांतील दोन नोंदवह्या जुळवण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला हे वेगळे सांगावयास नको. एकीत 'रामराव पाटील', दुसरीत 'पाटील आर. जी.', माणूस एक की दोन, हे शाई सांगत नाही. वन्यजीवांच्या नोंदींत तर माणसाच्या हातून झालेल्या चुकांबरोबर क्वचित माणसाची लबाडीही मिसळलेली असते. तिचे एक उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे.

खानदेशातील पिंगळा

रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी. त्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळाला आणि पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला परिचित असलेले ह्यूम ते हेच. त्यानंतर खानदेशात मुलकी सेवेत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी आणखी काही नमुने मिळवले. त्यांपैकी शेवटचा १८८४ चा. पुढे शंभरांहून अधिक वर्षे हा पक्षी कोणाला खात्रीने दिसला नाही. मात्र संग्रहालयाच्या दफ्तरात आणखी एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचे त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. हे गृहस्थ पक्षिशास्त्रात मोठे मानले जात. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार?

ती शंका अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी घेतली. कातडी भरण्याची पद्धत, तिच्यावरील जुन्या कामाच्या खुणा यांचा बारकाईने तपास झाला तेव्हा उघड झाले की १९१४ चा म्हटला जाणारा हा नमुना प्रत्यक्षात डेव्हिडसन यांचाच होता. तो संग्रहालयातून पळवून, नव्याने भरून, नवी चिठ्ठी लावून परत मांडण्यात आला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांचा याविषयीचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्याचा उपयोग त्याआधीच झाला होता. मांडवीची नोंद बाजूला सारून, केवळ खऱ्या नमुन्यांची ठिकाणे हाती घेऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे शोधाला निघाले. प्रथम त्यांनी पूर्वेकडची जुनी ठिकाणे पाहिली. तेथे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या डोंगराळ रानात रानपिंगळा त्यांच्यासमोर फांदीवर बसलेला होता. पुढे हा पक्षी मेळघाटात आढळला आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसाच्या जंगलातही.

नोंदसंग्रह जोडण्याच्या विद्येचा हा वस्तुपाठच म्हणावयास हवा, आणि त्यात संगणकाचा संबंध फारसा नव्हता. सात-आठ कातडी, तेवढ्याच चिठ्ठ्या आणि त्यांतली कोणती विश्वासार्ह याचा निर्णय. एका खोट्या ठिकाणामुळे शोधाची दिशा चुकू शकत होती. ते वगळताच उरलेल्या नोंदींनी वाट दाखवली. आज हेच काम तीनशे कोटी नोंदींपुढे बसून करावयाचे आहे. म्हणून आज्ञावलीचे महत्त्व. ती वेगाने काम करते हा तिचा गुण खरा, परंतु माझ्या मते तो दुय्यम होय. कागदावर हाताने केलेली दुरुस्ती कोणी, कधी, का केली हे पुढे कळत नाही. आज्ञावलीत मात्र 'या संग्राहकाच्या नोंदी वगळल्या' हे एका ओळीत लिहिलेले राहते. नस्तीवरील टिपणीप्रमाणे ते वरिष्ठाला, विरोधकाला, पुढच्या पिढीच्या विद्यार्थ्याला वाचता येते. निर्णय अमान्य असेल तर ती ओळ काढून पुन्हा हिशेब करता येतो.

जिल्हा कोणता?

शहाद्याच्या या प्रसंगात आणखी एक गंमत दडलेली आहे. १९९७ च्या नोव्हेंबरात शहादे धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला आणि शहादे त्यात गेले. डेव्हिडसनच्या काळी तर सगळाच प्रदेश 'खानदेश'. तेव्हा एकाच डोंगरातल्या तीन नोंदी जिल्ह्याच्या नावावरून जोडू गेले तर त्या तीन परस्परांना अनोळखी ठिकाणी जाऊन बसतात. धावड्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात, त्याआधी निजामाच्या राजवटीत. आणि ज्या औरंगाबादचा तो भाग होता त्या जिल्ह्याचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. जुन्या चिठ्ठीवर 'हैदराबाद' लिहिलेले पाहून आजच्या आज्ञावलीने ती नोंद चारमिनारच्या शेजारी नेऊन ठेवली, तर दोष आज्ञावलीचा नाही. इंग्रजी स्पेलिंगांची तऱ्हा निराळीच. धावडा हे नाव तीन-चार प्रकारे लिहिता येते आणि या नावाची गावे इतरत्रही आहेत.

गावाच्या नावाऐवजी अक्षांश-रेखांश घ्यावेत, हा यावरचा मार्ग. परंतु आकड्यांचीही आपली खोड असते. धावडा सुमारे साडेवीस अंश उत्तर आणि शहात्तर अंश पूर्व या स्थानी येते. भरणाऱ्याने हे दोन आकडे उलटसुलट टाकले की अजिंठ्याच्या डोंगरातला मोर उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, स्वालबार्ड बेटांलगतच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पोहोचतो. दोन्ही रकाने कोरे राहिले आणि यंत्राने तेथे शून्य धरले, तर तो आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात तरंगू लागतो. असल्या चुका निदान हास्यास्पद असल्यामुळे लवकर पकडल्या जातात. घातक चूक ती, जी पाहताक्षणी खरी वाटते. ज्या जुन्या नमुन्यावर केवळ 'इंडिया' एवढेच लिहिलेले असते, त्याला पुष्कळदा देशाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश देऊन टाकतात. अमेरिकेच्या 'वर्ल्ड फॅक्टबुक' या संदर्भग्रंथात भारताचे स्थान २० अंश उत्तर, ७७ अंश पूर्व असे ढोबळमानाने दिलेले होते. हा बिंदू कोठे येतो? आपल्या शेजारी, वाशीमच्या परिसरात! कोण जाणे कोणत्या हिमालयी पाखराची किंवा केरळातल्या बेडकाची नोंद अशा रीतीने वाशीमच्या सोयाबीनच्या शेतात येऊन पडावयाची. असे संशयास्पद बिंदू हुडकून काढण्यासाठी 'कोऑर्डिनेटक्लीनर' नावाचा आज्ञासंच आहे. देशांचे मध्यबिंदू, राजधान्या, संग्रहालयांचे पत्ते आणि शून्य-शून्य स्थान यांच्याशी तो प्रत्येक नोंद ताडून पाहतो. तो शंका दाखवतो. निर्णय मात्र परिसर जाणणाऱ्या माणसानेच घ्यावा लागतो.

कधी कधी स्थान मुद्दाम चुकवलेले असते, आणि ते योग्यच आहे. धोक्यात आलेल्या जातींचे नेमके ठिकाण शिकाऱ्याच्या हाती पडू नये म्हणून 'आयनॅचरलिस्ट' अशा नोंदींचा बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात कोठेतरी सरकवून दाखवते. हा चौकोन आपल्याकडे जवळजवळ बावीस किलोमीटरचा. चुकीच्या मर्यादेचा रकाना न वाचता कोणी तो बिंदू जसाच्या तसा घेतला, तर डोंगरातला प्राणी बाजारपेठेत फिरताना दिसेल. वाघांच्या स्वयंचलित छायाचित्रांची नेमकी ठिकाणेही याच कारणास्तव सर्वांना खुली नसतात. माहिती खुली असावी असा आग्रह धरणाऱ्यांनी ही मर्यादा मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

एका झाडाची तीन नावे

ठिकाणाचे झाले, आता नावाचे. गावाच्याच नावाचा वृक्ष घेऊ. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडतो, एवढी त्याची ओळख घराघरात आहे. वनस्पतिशास्त्रात मात्र हा वृक्ष प्रथम कोनोकार्पस लॅटिफोलियस होता, नंतर दीर्घकाळ ॲनोजिसस लॅटिफोलिया म्हणून नांदला आणि २०१७ मध्ये त्याची संपूर्ण प्रजातीच ऐन-बेहड्यांच्या टर्मिनेलिया प्रजातीत समाविष्ट करण्यात आली. तेथे 'लॅटिफोलिया' हे नाव दुसऱ्याच एका वृक्षाने आधीच घेतलेले, म्हणून धावडा झाला टर्मिनेलिया ॲनोजिसियाना. झाड होते तेथेच आहे. परंतु १९५० चा वनस्पतिसंग्रह आणि २०२३ ची छायाचित्रे केवळ नावावरून जोडली, तर आज्ञावली प्रामाणिकपणे सांगेल की या डोंगरातून एक वृक्ष नामशेष झाला आणि एक नवा वृक्ष अवतरला! रानपिंगळ्याचेही तसेच, काही याद्यांत तो हेटेरोग्लॉक्स, तर काहींत अथीनी. म्हणून जोडणीपूर्वी सर्व नावे एखाद्या मान्य नामावलीशी ताडून समानार्थी नावे एकत्र आणणे अपरिहार्य ठरते.

दुहेरी मोजणीचा सापळा नवशिक्याला हमखास अडकवतो. ई-बर्डच्या नोंदी वर उल्लेखिलेल्या जागतिक भांडारात आधीच समाविष्ट आहेत. कोणी भांडारातून सर्व नोंदी घेतल्या आणि वर ई-बर्डकडून स्वतंत्रपणे मागवलेल्या नोंदी त्यांत ओतल्या, तर प्रत्येक पोपट दोनदा मोजला जाणार. पण केवळ भांडारातल्या प्रतीवर विसंबूनही भागत नाही. निरीक्षक किती मिनिटे, किती अंतर हिंडला, आणि दिसलेले सर्व पक्षी त्याने लिहिले की निवडक, ही माहिती ई-बर्डच्या मूळ संग्रहात असते; भांडारातल्या प्रतीत ती नसते. सर्व पक्षी लिहिणाऱ्या निरीक्षकाच्या यादीत चिमणी नसेल तर त्या अनुपस्थितीला काही अर्थ आहे. निवडक लिहिणाऱ्याच्या यादीत नसेल तर काहीच अर्थ नाही.

याच भेदावर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालाची मांडणी उभी आहे. सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून त्यात ९४२ जातींचे मूल्यमापन करण्यात आले. त्यांपैकी ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला आणि त्यांतील ६० टक्के जाती घटत असल्याचे दिसून आले. हा आकडा वृत्तपत्रांतून गाजला. तो गाजण्यासारखा होताच. परंतु उरलेल्या सहाशेंहून अधिक जातींविषयी दीर्घकालीन कल सांगण्याइतकी सामग्रीच हाती नव्हती, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

ही सामग्री कोठून कमी पडते? निरीक्षक जेथे राहतात आणि सुटीत जेथे जातात, तेथे नोंदींचे ठिपके दाटतात. पुण्या-मुंबईच्या टेकड्या, नागपूरचे तलाव, नामांकित अभयारण्ये यांच्याभोवती नकाशा काळा होतो; कापूस, मका आणि मिरची पिकवणाऱ्या तालुक्यांत तो विरळ होत जातो. विरळ म्हणजे निर्जीव नव्हे. पण नकाशा पाहणाऱ्याला हे कोण सांगणार? उद्या एखाद्या रस्त्याच्या किंवा खाणीच्या प्रस्तावासाठी पर्यावरण अहवाल लिहिणारा सल्लागार हाच नकाशा उघडेल, ठिपके नाहीत असे पाहील आणि 'परिसरात उल्लेखनीय वन्यजीव नाहीत' असे वाक्य निर्धास्तपणे लिहून मोकळा होईल. त्याच्या वाक्याला आधार म्हणून एक अधिकृत क्रमांकही जोडलेला असेल.

हे भय काल्पनिक नाही, याची साक्ष वाघांनीच दिली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला 'टी-१ सी-१' हा वाघ २०१९ च्या डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याची सुमारे तीन हजार किलोमीटरची भ्रमंती नोंदली गेली. २०२१ च्या मार्चमध्ये कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यातील स्वयंचलित कॅमेऱ्यात आणखी एक वाघ टिपला गेला. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असल्यामुळे एका जंगलातले छायाचित्र दुसऱ्या जंगलाच्या संग्रहाशी जुळवता येते. तशी जुळणी झाली आणि हाही टिपेश्वरचाच निघाला. ज्ञानगंगा पूर्वेस, गौताळा पश्चिमेस, आणि दोहोंना जोडणारी डोंगररांग अजिंठ्याची. धावडा याच रांगेत आहे. टिपेश्वर आणि गौताळ्याचे छायाचित्रसंग्रह वेगवेगळ्या कपाटांत पडून राहिले असते, तर गौताळ्याचा वाघ कोठून आला हे कळले नसते आणि मधल्या डोंगररांगेला महत्त्वही आले नसते.

ग्रामपंचायतीच्या कपाटात

या परिसराविषयीची एक नोंद मात्र कोपनहेगनला नाही, लंडनलाही नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून रूढ झालेली ही कल्पना. गावातल्या गुराख्याला, वैदूला, म्हाताऱ्या शेतकऱ्याला जे ठाऊक आहे ते लिहून काढावे, हा तिचा हेतू. गावोगावच्या नोंदवह्या मुदतीच्या घाईत भरल्या गेल्या, हे उघड गुपित आहे. तरीही त्यांत पुष्कळ मोलाचे असू शकते. त्या वह्या कपाटातून काढून खुल्या नोंदसंग्रहांशी जोडाव्यात काय? माझे मत असे की, अर्ध्या जोडाव्यात. कोणता पक्षी, कोणते झाड, कोणत्या शिवारात आढळते एवढा भाग खुला होण्यास हरकत नसावी. औषधी उपयोगांचे ज्ञान हा वेगळा प्रश्न आहे. ते गावाचे धन आहे आणि गावाच्या संमतीवाचून ते कोणाच्याही भांडारात जाऊ नये. कायद्याचा रोखही याच रक्षणाकडे आहे.

हे काम बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञापेक्षा तालुक्यातल्या महाविद्यालयाला अधिक साधेल. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, संगणक शिकणारे दोन विद्यार्थी आणि नोंदवही लिहिताना हजर असलेला ग्रामसेवक एवढी मंडळी पुरेशी आहेत. विद्यार्थ्यांनी प्रथम आपल्या तालुक्याचा चौकोन आखून भांडारातल्या नोंदी उतरवून घ्याव्यात आणि किती ठिपके उरतात ते स्वतः मोजावेत. मग नोंदवहीतली प्रत्येक ओळ त्या रकान्यांत बसवू लागावे. पहिल्याच पानावर त्यांना 'पिंगळा' हा शब्द भेटेल. गावच्या वडाच्या ढोलीत राहणारा ठिपकेवाला पिंगळा, जंगलातला पट्टेरी पिंगळा आणि शहाद्याला शंभर वर्षांनी सापडलेला रानपिंगळा या तिघांनाही गावात हाक मारतात ती याच एका नावाने. सोबत छायाचित्र नसेल, आवाजाची नोंद नसेल, अक्षांश-रेखांश नसतील, तर त्या ओळीपुढचा शास्त्रीय नावाचा रकाना कोरा ठेवावा लागेल आणि लिहिणाऱ्याला पुन्हा त्या ढोलीपाशी जावे लागेल.